धरणाच्या वरच्या शाळेला मैदान हवं आहे: पुण्यातल्या सोसायट्यांना खुलं पत्र

पुण्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समस्त सभासद यांना,

सप्रेम नमस्कार.

मी सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत राहते, म्हणजे तुमच्यातलीच आहे. शहरातल्या एका शाळेत २८ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं, आता निवृत्त आहे. निवृत्तीनंतर आम्ही नऊ जणांनी मिळून एक छोटी संस्था नोंदवली. त्यात बरेचसे माजी शिक्षक, एक सिव्हिल इंजिनिअर आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक काका, जे आमचा सगळा हिशोब ठेवतात. पगारी माणूस एकही नाही. ऑफिस म्हणजे माझ्या घरातलं जेवणाचं टेबल.

वेल्हे तालुक्यात (आता त्याला राजगड तालुका म्हणतात) पानशेतच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला जिल्हा परिषदेची एक शाळा आहे. पहिली ते सातवी, पट ४३. या शाळेला मैदान नाही. ते करून द्यायचं एवढं एकच काम आम्ही सध्या हातात घेतलं आहे, आणि त्यासाठी तुमच्याकडे पैसे मागायला हे पत्र लिहिते आहे. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. मुलांचे चेहरे आणि नावं मोबाईलवरून गावोगाव फिरू नयेत, एवढंच त्यामागचं कारण. ज्यांना काम बघायचं आहे त्यांना आम्ही स्वतः घेऊन जाऊ.

तुमच्याकडेच का, हे आधी सांगते.

पहिल्यांदा त्या शाळेत गेले तेव्हा मी मास्तरांना सहज विचारलं, गावात कुठे सपाट जागा नाही का? त्यांनी शाळेच्या ओट्यावरून खाली बोट दाखवलं. खाली पाणी होतं. ऑगस्टचा महिना, जलाशय काठोकाठ. म्हणाले, "बाई, सपाट जागा होती की. ती तिथे आहे."

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी साठवतात. त्यात एकट्या पानशेतचा वाटा साडेदहा टीएमसीच्या वर. हे पाणी आपल्या पुण्याला येतं आणि पुढे कालव्याने दौंड, इंदापूरच्या शेतीला जातं. १२ जुलै १९६१ ची तारीख पुण्यात कुणाला सांगावी लागत नाही. धरण फुटलं, पेठांमध्ये पाणी शिरलं, किती घरं गेली, ते आपल्या घराघरांत अजून सांगितलं जातं. माझ्या सासूबाई नारायण पेठेतल्या, त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. पण त्याच धरणाच्या वरच्या बाजूला काय झालं, ते मला साठीला आल्यावर कळलं. नदीकाठची भातखाचरं, देवळापुढचं पटांगण, जत्रेला कुस्त्या व्हायच्या ती जागा, सगळं पाण्याखाली गेलं. काही कुटुंबांना खाली दुसऱ्या तालुक्यात जमिनी मिळाल्या, ती उठून गेली. जी राहिली ती डोंगराच्या अंगाला वर सरकली. वर राहिली ती उताराची वरकस जमीन. त्यातच घरं, त्यातच नाचणी, त्यातच शाळा.

आमच्या सोसायटीत ११२ फ्लॅट आहेत. मुलांसाठी झोके आहेत, घसरगुंडी आहे, बॅडमिंटनचं कोर्ट आहे, फिरायला ट्रॅक आहे. सकाळी त्या ट्रॅकवर पाण्याचा फवारा मारतात, धूळ बसावी म्हणून. ते पाणी कुठून येतं ते आता मला माहीत आहे, आणि त्या गावाहून परतल्यापासून फवारा दिसला की पाय थबकतात.

आता शाळेचं अंगण कसं आहे ते सांगते. एका बाजूला वर्गांचा व्हरांडा, मध्ये ध्वजस्तंभ, दुसऱ्या बाजूला हातपंप, आणि त्यापलीकडे चार पावलांवर जमीन संपते. खाली करवंदीच्या जाळ्या आणि उतार. चेंडू घेऊन खेळायला मास्तरांनी बंदी घातली आहे, कारण चेंडू गेला की मूल मागे धावतं. मुली खो-खो खेळतात, पण रांगेत आठ जणी बसवायला जागा नाही म्हणून चारच बसतात. एक खांब म्हणजे ध्वजस्तंभ, दुसरा म्हणजे हातपंपाजवळ उभी राहिलेली पहिलीतली एखादी मुलगी. ती खांबाचं काम अगदी मनापासून करते, जागची हलत नाही.

मी जन्मभर खो-खो खेळले आणि शिकवला, त्यामुळे माझं लक्ष तिथेच गेलं. सहावीतली एक मुलगी होती. असे पाय मी माझ्या २८ वर्षांच्या नोकरीत चार-पाचच पाहिले असतील. खो मिळताच ती खालच्या खाली सुटायची. मी मास्तरांच्या मागे लागून तिला आणि आणखी सहा मुलींना एका स्पर्धेला घेऊन गेले. आखलेलं, पूर्ण मापाचं मैदान त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. खो मिळाला, ती सुटली, आणि सात पावलं टाकून गचकन थांबली. समोर धावक पळतोय, मैदान मोकळं आहे, आणि ही उभी. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच. शाळेच्या अंगणात आठव्या पावलाला उतार लागतो, त्याची तिच्या पायांना सवय होती. सामना हरल्यावर ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, मला थांबायचं नव्हतं." त्या रात्री मी झोपले नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या नऊ जणांची बैठक बोलावली.

उन्हाळ्यात मात्र या मुलांना मैदान मिळतं. एप्रिल-मेमध्ये जलाशय खाली जातो, पाणी ओसरतं आणि जुन्या खाचरांचे बांध उघडे पडतात. मुलं तिथे उतरतात. आजोबा-पणजोबांच्या शेतात स्टंप रोवतात आणि दिवसभर क्रिकेट खेळतात. वरून पाहिलं तर सुंदर दिसतं, पण मी खाली उतरून चालून पाहिलं आहे. वर गाळाची कडक पापडी असते, तिला भेगा पडलेल्या असतात, आणि पाण्याच्या कडेला गेलं की पापडीखाली पाय गुडघ्यापर्यंत जातो. एका मुलाला बाहेर ओढायला तिघे लागले, असं गावातल्या बायकांनी सांगितलं. पाऊस सुरू झाला की जुलैत ते मैदान पुन्हा पाण्यात जातं आणि मुलं अंगणात येतात.

हे काम खरं तर सरकारचं नाही का, असं तुमच्यापैकी अनेक जण विचारतील, आणि विचारायलाच हवं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. शाळेत काय काय असलं पाहिजे याची यादी त्याच्या परिशिष्टात आहे. मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, पोषण आहारासाठी स्वयंपाकघर, ग्रंथालय, कुंपण आणि मैदान. तेव्हा पहिलीत बसलेली पोरं आता विशी ओलांडून गेली. दरवर्षी शाळेची माहिती भरताना मैदानाचा रकाना येतो आणि आमचे मास्तर दरवर्षी तिथे "नाही" लिहितात. अंगणालाच मैदान म्हणून "आहे" लिहिणं सोपं होतं, त्यांनी ते केलं नाही. मला या माणसाविषयी फार आदर वाटतो. पण अडचण पैशाच्या आधीची होती. कुठल्याही योजनेत पहिला प्रश्न असतो, जागा कुणाच्या नावावर? शाळेच्या नावावर इमारतीखालची जमीन सोडली तर काहीच नव्हतं. आजूबाजूला एक तर जलसंपदा खात्याची हद्द, नाही तर वनखात्याची, नाही तर खासगी.

ही गाठ गावातल्या एका आजींनी सोडवली. शाळेला लागून त्यांचा सहा गुंठ्यांचा तुकडा आहे. त्यांचा स्वतःचा पणतू त्या शाळेत नाही, मुलगा-सून धायरीला राहतात, नातवंडं तिकडेच शिकली. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्या न बोलावता आल्या आणि म्हणाल्या, "आमचं वावर धरणात गेलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. हे मी माझ्या मनानं देते." जिल्हा परिषदेच्या नावाने बक्षीसपत्र झालं, मोजणी झाली, ग्रामपंचायतीने देखभालीचा ठराव केला. सातबाऱ्यावरची नोंद व्हायला जे हेलपाटे पडले ते आमच्या पोस्टातल्या काकांनी घातले, न कंटाळता.

सहा गुंठे पुरतात का? खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, म्हणजे साधारण सव्वाचार गुंठे. चारही बाजूंनी दीड मीटर मोकळी जागा सोडली तर साडेपाच-पावणेसहा गुंठे होतात. अगदी मापात बसतं. त्यातच आडवं कबड्डीचं मैदान आखता येतं, लहान मुलांना पळायला जागा होते, पंधरा ऑगस्टला सगळं गाव उभं राहू शकतं.

पण तुकडा उताराचा आहे. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत तीन मीटरचा फरक. म्हणून वरून दीड मीटर कापायचं आणि तोच माल खालच्या बाजूला भरायचा. भराव धरून ठेवायला खालच्या कडेला भिंत लागते. आमच्या इंजिनिअरचा आग्रह आहे की ती सिमेंटची करायची नाही. तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड रचून करायची, गॅबियन म्हणतात ती. कारण या पट्ट्यात पाऊस कोसळतो, पाणी भरावात मुरतं आणि बंद भिंतीमागे तुंबलं की भिंतच ढकलून देतं. दगडांच्या फटींतून पाणी निघून जातं. वरच्या बाजूला डोंगरावरून येणाऱ्या पाण्यासाठी चर. मग मुरूम, पाणी मारून रोलर, पुन्हा मुरूम. पहिला पावसाळा भराव बसू द्यायचा, जिथे खचेल तिथे पुढच्या वर्षी भर घालायची. हे सगळं दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर संपलं पाहिजे. एकदा पाऊस लागला की तिथे ट्रक चढत नाही.

खर्च ६ लाख ४० हजार रुपये. त्यात भिंतीला २ लाख ४० हजार. जेसीबी, आणि खाली काळा दगड लागला तर ब्रेकर, यासाठी १ लाख ३० हजार. तीस ब्रास मुरूम, वाहतूक आणि रोलर १ लाख २० हजार. जाळीचं कुंपण, चर आणि खो-खोचे खांब १ लाख १० हजार. बक्षीसपत्र, मोजणी आणि कागदपत्रांचे ४० हजार खर्च होऊन गेले आहेत, ते यातच धरले आहेत. आजवर २ लाख १५ हजार जमले. उरतात ४ लाख २५ हजार. कुंपणावर पैसे कमी करता येतील का, असं आम्ही समितीतल्या आयांना विचारलं होतं. त्यांनी एका आवाजात नाही म्हटलं. "खेळू दे हो पोरं, पण खालच्या अंगाला जाळी पाहिजे." तो आकडा मग आम्ही हलवला नाही.

मोठ्या कंपन्यांकडे गेलो नाही असं नाही. कंपनी कायद्यातलं कलम १३५ आम्हाला आता तोंडपाठ आहे. ठरावीक नफा किंवा उलाढालीच्या वरच्या कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे, त्यात ग्रामीण खेळांसाठीचं प्रशिक्षणही बसतं. एका ठिकाणी आमचं सगळं ऐकून घेतलं, कौतुक केलं आणि विचारलं, कृत्रिम हिरवळ का टाकत नाही? फोटोत चांगली दिसेल. दुसऱ्या ठिकाणी पेव्हर ब्लॉक सुचवले. मी हात जोडून सांगितलं की पेव्हर ब्लॉकवर खो-खोत झेप घेतली तर मुलीच्या गुडघ्याची आणि हनुवटीची कातडी जाते. पळापळीने नडगीची हाडं दुखायला लागतात. वाढत्या वयाच्या मुलांना मातीच हवी. पुढे फोन आला नाही. तक्रार करत नाही. त्यांच्या दृष्टीने रक्कम लहान आणि गाव लांब.

एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवं, कारण ती तुमच्याशी संबंधित आहे. गेल्या वर्षी शहरातल्या एका सोसायटीने त्यांची खेळणी बदलली आणि जुनी आम्हाला देऊ केली. आम्ही आनंदाने हो म्हटलं, टेम्पोचं भाडं आम्हीच भरलं. त्यात एक फायबरची घसरगुंडी होती. मधोमध तडा गेलेला, वरून निळा रंग मारलेला. शाळेत उतरवून घेतल्या घेतल्या तिसरीतली एक मुलगी त्यावर चढली आणि घसरताना तिने तळवा टेकला. फायबरच्या बारीक कुसळांनी तिचा तळहात भरला. डोळ्यांना दिसत नाहीत अशी कुसळं. तिच्या आईने आणि मी व्हरांड्यात बसून, उन्हाकडे हात धरून, चिमट्याने एकेक काढलं. दीड तास लागला. ती रडली नाही, उलट मलाच विचारत होती की घसरगुंडी परत नेणार का. परत न्यावी लागली. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी जाणते. पण जी वस्तू आपल्या मुलांसाठी धोक्याची झाली म्हणून आपण काढली, ती दुसऱ्यांच्या मुलांसाठी चालेल असं कृपा करून धरू नका. आम्ही आता जुनी खेळणी घेत नाही.

शाळाच बंद पडली तर मैदानाचं काय, हेही आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव २०२३ मध्ये मागवले गेले, तेव्हापासून डोंगराळ भागातल्या प्रत्येक गावाला ही धाकधूक आहे. या शाळेचा पट ४३ आहे, पण उद्याचं कोण सांगणार? एवढं सांगते की जागा जिल्हा परिषदेच्या नावावर आहे, देखभाल ग्रामपंचायतीकडे आहे, आणि गावाला सत्तरेक वर्षांत सपाट जमीन पहिल्यांदा मिळते आहे. ती वापरात राहील.

आता मागणं. सोसायटीच्या मेंटेनन्समधून देणगी द्या असं मी म्हणत नाही. तो सगळ्यांचा पैसा आहे, त्यावरून सभेत भांडणं होतात आणि ती व्हावीत अशी माझी इच्छा नाही. ३० सप्टेंबरच्या आत तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा होईलच. त्या सभेत शेवटची दहा मिनिटं आम्हाला द्या. आमच्यापैकी कुणीतरी दोघं येतील, नकाशा आणि खर्चाचा कागद घेऊन. ज्याला द्यावंसं वाटेल तो स्वतःच्या खिशातून देईल. गणपती तोंडावर आहेत. आपापल्या सोसायटीच्या मंडपात आरतीनंतर दोन वाक्यं सांगितलीत तरी पुष्कळ. आमच्या सोसायटीत गेल्या गणपतीत मुलांनी घरोघर जाऊन रद्दी गोळा केली होती, तिचे ११ हजार झाले. त्यात पाचवीतल्या एका मुलाने स्वतःच्या जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा दिला. दोनदा परत घेतला आणि तिसऱ्यांदा दिला.

पावती प्रत्येकाला मिळेल. संस्थेला ८०जी आहे, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळते, पण रोखीत २ हजारांच्या वरच्या देणगीला ती सवलत मिळत नाही, म्हणून त्यापुढची रक्कम आम्ही चेकने किंवा खात्यावरच घेतो. खाते क्रमांक या पत्रात मुद्दाम दिलेला नाही. पत्र पुढे पाठवताना क्रमांक बदलून फसवणूक झाल्याचे प्रकार ऐकले आहेत. क्रमांक सभेत प्रत्यक्ष देऊ. दर महिन्याला हिशोबाचं पान प्रत्येक देणगीदाराला जाईल, मुरमाच्या ट्रकच्या पावतीसकट. मैदानावर कुणाच्याही नावाची पाटी लागणार नाही, आजींच्यासुद्धा. त्यांनीच तसं सांगितलं आहे.

खो-खोचे नियम ठरवण्याचं काम १९१४ साली आपल्याच शहरात, डेक्कन जिमखान्यावर सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा भारताचे दोन्ही संघ जिंकले. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुष संघाचा प्रतीक वाईकर. महिलांची अंतिम लढत मी त्या शाळेतल्या मुलींना मास्तरांच्या मोबाईलवर दाखवली. वीस डोकी एका पडद्यावर. सामना संपल्यावर सगळ्याजणी उठून अंगणात धावल्या, आणि सात पावलांवर थांबल्या.

पैसे द्यायचे नसतील तरी एकदा येऊन बघा. स्वारगेटहून पानशेतला बस जाते, पुढची सोय आम्ही करतो. ज्यांना मोजमाप कळतं, बांधकाम कळतं, त्यांनी तर जरूर यावं. आमचे इंजिनिअर एकटे आहेत आणि भिंतीचा पाया किती खोल घ्यावा यावर त्यांना दुसऱ्या कुणाचं मत हवं आहे.

गेल्या आठवड्यात आम्ही तिथे खुंट्या ठोकून दोरी बांधली आणि पाऊस उघडल्यावर फक्कीने चार कोपरे आखले. आजी ओट्यावर बसून बघत होत्या. त्या तुकड्यावर दरवर्षी त्यांची नाचणी असते. यंदा त्यांनी लावली नाही. दिवाळीनंतर जेसीबी चढवायचा आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
सिंहगड रस्ता, पुणे